लाल कागदाची टॉर्च

आता कायमचं पुण्याला परतायचं म्हणून आखातातलं, अल खौदचं घर आवरतेय. आज कपाटात जुनी टॉर्च सापडली. काचेवरचा लाल जिलेटिन पेपर अजून तसाच आहे. पांढऱ्या उजेडाला वटवाघळं बुजतात, म्हणून मीच तो लावला होता.

"टाकून दे ती, बॅगेचं वजन वाढेल," नवरा म्हणाला.

लग्नाआधी मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. इथे आल्यावर विद्यापीठातल्या एका मॅडमशी ओळख झाली आणि एका संध्याकाळी त्या मला वाळवंटातली वटवाघळं दाखवायला घेऊन गेल्या. नवरा आमच्या मागे गाडीत एसी लावून बसला होता. अंधार पडला तरी वाळू पायाला ऊन लागत होती. लाल उजेडात एक लांब कानांचं वटवाघूळ झेपावलं आणि त्याने विंचू धरला. विंचू त्याच्या तोंडावर डंख मारत होता, पण ते शांतपणे त्याला कुरतडत होतं. मी श्वास रोखून बघत राहिले.

"माझ्याकडे असिस्टंटची जागा आहे. येशील?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत गाडीची काच खाली झाली. "नको मॅडम, ती घरीच खूश आहे," नवरा हसत म्हणाला. मग मला म्हणाला, "झालं ना बघून? यल्ला, चल." आणि त्याने हेडलाइट लावले. अर्धा विंचू तिथेच टाकून वटवाघूळ उडालं.

माझ्या नोकरीचं तो परस्पर बोलून गेला, ते मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. घरी येईपर्यंत मी अबोला धरला होता, तो त्याने वटवाघूळ उडवलं म्हणून.