नायचा डबा

'नाय' हा शब्द आमच्या शहापूर-मुरबाडकडे प्रत्येकजण दिवसातून शंभरदा वापरतो, पण त्या शब्दाचे पैसे करणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हे मामा कल्याणला एका सरकारी कचेरीत शिपाई होते, शहापुरात भाड्याच्या एका खोलीत राहत होते, आणि त्या खोलीतल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याला घरात 'नायचा डबा' म्हणत. दुपारी चहाची तल्लफ आली की मामा स्वतःलाच 'नाय' म्हणत, आणि न प्यायलेल्या चहाचे पैसे संध्याकाळी डब्यात पडत. महिनाअखेरीला डबा पोस्टाच्या खात्यात रिकामा होई. हे सगळं कशासाठी, तर एका एकरासाठी. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरांत मजुरी केली होती. मामांना एकदाच, डोळे मिटायच्या आत, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव वाचायचं होतं.

आसनगाव स्टेशनवर उतरल्यावर सगळी माणसं टमटमकडे धावत, आणि मामा शांतपणे शहापूरच्या दिशेनं चालू लागत. टमटमवाल्याला त्यांची दया यायची. एकदा त्यानं गाडी शेजारी आणून थांबवली. "जयभीम मामा. बसा, पैसे नका देऊ." मामा बसले, घरी आले आणि भाड्याचे तीन रुपये डब्यात टाकले. आत्या म्हणाली, "फुकट आलात ना? मग हे कसले?" मामा म्हणाले, "फुकट आलो म्हनजे वाचलेच ना." पुढे पुढे तर मामांना नाकारायची चटकच लागली. ते मिठाईच्या दुकानासमोर उभे राहून जिलबीचा भाव विचारत, दुकानदार कागद फाडून तराजूपर्यंत पोचला की "नाय" म्हणत, आणि पाव किलो जिलबीचे पैसे वाचवल्याच्या आनंदात घरी येत. एका पगाराच्या दिवशी त्यांनी अख्खा रंगीत टीव्ही नाकारला. हप्ता किती बसला असता ते दुकानात नीट विचारून आले आणि तेवढे पैसे डब्यात टाकले. त्यानंतर आठवडाभर घरात गोडंतेल नव्हतं. आठव्या दिवशी कोरडी भाजी ताटात वाढताना आत्या म्हणाली, "अहो, नाय म्हणायलाबी ऐपत लागते. आपल्याला परवडंल तेच नाकारा." मामांनी त्यावर बराच विचार केला. तेव्हापासून ते चहा, विडी आणि टमटम एवढ्यावरच थांबले.

मला या डब्याचा मनापासून राग यायचा. मी चळवळीच्या पत्रकांत वाढलो. आमच्या घरी गाद्यांखाली गठ्ठे असत आणि अक्षरओळखही मला त्यांच्यावरच झाली. गरिबानं पोट मारून पैसे साठवायचे आणि ज्यांनी त्याला गरीब ठेवलं त्यांना मोकळं सोडायचं, हे माझ्या डोक्यात बसत नसे. मी मामांना तसं सांगायचो. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भाच्या, तू येवस्था बदल. मी तवर चा सोडतो." माझी पत्रकं मात्र ते न चुकता मागून घेत. मला वाटायचं, माणूस हळूहळू वळतोय. एके दिवशी कळलं की मागची बाजू कोरी असते म्हणून ते घेतात. पुढच्या बाजूला माझा मजकूर, कसणाऱ्याला जमीन मिळालीच पाहिजे असा, जाड ठशात. आणि मागे मामांचं अक्षर: चहा नाय, विडी नाय, टमटम नाय. आत्यानं दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाली, "दोघंबी जमीनच मागताय. तुझी बाजू कंची नि त्यांची कंची, ते तुमीच बघा."

असं बारा-तेरा वर्षं चाललं. नव्वदचं दशक त्यातच सरलं. मग वैशाखऱ्याजवळ, म्हणजे आमच्याच गावाकडे, एकजण एकराचा तुकडा विकतोय असं कळलं. भाव मामांच्या आटोक्यातला होता. आम्ही दोघे मुरबाडला कचेरीत गेलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि, हे मी मुद्दाम नोंदवतो, त्या सकाळी भाडं वाचवायला ते आसनगावपर्यंत चालत गेले नाहीत, थेट शहापूरहून तिकीट काढून एस.टी.त बसले होते. कारकून भला माणूस होता. त्यानं कागद पाहिले.

"काका, तुमचा सातबारा?"

"तोच करायला आलोय," मामा म्हणाले.

"तो नाही हो. तुमचा आधीचा."

"आधीचा असता तं कशाला आलो असतो?"

कारकुनानं चष्मा काढला आणि सावकाश समजावलं. शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो. तसा कायदा आहे. वडिलांच्या नावावर, आजोबांच्या नावावर, कुठे गुंठाभर तरी? मामा म्हणाले, "वडील शेतातच होते. पन नाव मालकाचं." कारकुनानं कागद नीट जुळवले आणि मामांपुढे परत सरकवले.

मी तिथंच पेटलो. मोर्चा काढू, निवेदन देऊ, असं बरंच बोललो. मामा सदऱ्याच्या घड्या सारख्या करत म्हणाले, "काढ मोर्चा. पन आता चल, दीडची गाडी चुकंल." परतीच्या गाडीत मी हिशोब करत बसलो. मामांना कायदा माहीत नव्हता, हे समजण्यासारखं होतं. मी जमिनीच्या प्रश्नावर दहा वर्षं पत्रकं लिहीत होतो आणि मलाही माहीत नव्हता. माहीत असता तर तेरा वर्षांत मला त्यांना एकदा, फक्त एकदा, चहा पिता पिता सांगता आलं असतं.

तो एकर पुढे मुंबईच्या एका माणसानं घेतला. त्याच्याकडे कुठल्यातरी जिल्ह्यातला सातबारा होता. आता तिथं कुंपण आणि हिरवळ आहे. मी त्यावर एक पत्रक काढलं, वाटलं, उरलेले गठ्ठे घरी आणले.

मामांनी ते पैसे घेऊन शहापूरच्या कडेला तीन गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट घेतला. एन.ए. म्हणजे बिनशेती. तो कुणालाही घेता येतो. आत्याला बरंच वाटलं. तिला कधीही जमीन नको होती, तिला घर हवं होतं, पत्र्याचं का होईना, पण ज्याचं भाडं द्यावं लागत नाही असं. पण मामा म्हणाले, "एक पावसाळा दे." आत्या म्हणाली, "एकच."

त्या पावसाळ्यात मामांनी बिनशेती प्लॉटवर भात लावलं. पाणी अडवायला मधोमध मातीचा बांध घातला. तीन गुंठ्यांत बैल फिरणार कसा, म्हणून चिखल पायांनीच तुडवला. रोपं शेजारच्या शेतकऱ्याकडून मागून आणली. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "मामा, बंगला किती मजल्यांचा?" खरी गंमत पुढेच होती. मामांना आवणी, म्हणजे चिखलात रोपं लावणं, येत नव्हतं. वडिलांनी त्यांना शाळेत घातलं ते चिखलातून सुटावा म्हणून, आणि मुलगा खरोखरच सुटला होता. त्यांनी लावलेली रोपं घटकाभरात पाण्यावर तरंगायला लागली. आत्या कडेला छत्री धरून उभी होती. थोडा वेळ तिनं पाहिलं, मग छत्री माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं आणि उतरली. "असं खुपसू नका. अंगठ्यानं दाबा. आता बोटं सोडा." मामांनी बोटं सोडली. रोप उभं राहिलं. मामा पन्नाशी उलटलेले, पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

दोन पोती भात झालं. उन्हाळ्यात आत्यानं पाया खणायला घेतला, आणि मामांनी एक शब्द न बोलता विटा वाहिल्या. आज तिथं दोन खोल्या आहेत, वर पत्रा आहे, खाली शहाबादी फरशी. मी अधूनमधून जातो. हल्ली आमची भांडणं होत नाहीत. दोघांच्याही अंगात तेवढी ताकद उरलेली नाही. आत्या चहा करते, मामा तो पितात. पण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना ते अजूनही सरळ येत नाहीत. पूर्वी जिथं भाताचा बांध होता, त्या रेषेवरून, एकापुढे एक पाऊल टाकत येतात, आणि आत्या त्यांच्या वाटेत कधी खाट टाकत नाही.