सुभद्राबाईंच्या वाटेवरची बाकं

नत्थुजी कापसाच्या जिनिंगमधले फिटर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी मूर्तिजापूरच्या आमच्या गल्लीत कुणाचा नळ, कुणाची सायकल दुरुस्त करत असायचे. पण यंदा मृगात त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, लकवा मारला आणि माणूस सैरभैर झाला. अर्धी भाकर टाकून उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे.

दिवाळीपर्यंत सुभद्राबाई काठी घेऊन चालू लागल्या. उजवा पाय ओढत सत्तर-ऐंशी पावलं जायच्या, मग बसावंच लागे. त्यांना जायचं होतं बहिणीकडे. शकुनचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, चारशे पावलांवर. वर्षानुवर्षं रोज चार वाजता त्या तिथं जात. आता शकुनच इकडे येई, पण ते त्यांना रुचत नव्हतं. आपल्या पायानं जाईन, असा हट्ट.

आधी नत्थुजी प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्यांच्या मागं मागं चालायचे. दुसऱ्याच दिवशी बाई बिघडल्या. "वरात हाये का माही? लोक पाहून राह्यले." खुर्ची बंद झाली.

मग त्यांनी अंगणातलं भंगार उपसलं. ट्रॅक्टरचा जुना टायर धुतला, त्यावर नवार ताणून विणली आणि विजेच्या खांबाशी नेऊन ठेवला. सुभद्राबाई बसल्या त्या रुतल्याच. उठता येईना. नत्थुजींनी एक हात धरला, समोरच्या घरातून हर्षा धावत आली, तिनं दुसरा धरला. दोघांनी ओढून उभं केलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

"बसता तं कोनालेई येते," त्या म्हणाल्या. "मले उठता आलं पायजे."

त्या दिवशी नत्थुजींना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी सुतळीनं बायकोच्या गुडघ्यापर्यंतची उंची मापली. डाव्या हातात जोर होता, म्हणून वाटेत साठ-सत्तर पावलांवर ठेवायच्या प्रत्येक बाकाला डावीकडं लोखंडी दांडी लावायची ठरवली. शिलाई मशीनच्या बिडाच्या सांगाड्यावर त्यांनी पाडलेल्या घराच्या दाराची सागवानी फळी बसवली. मोडक्या पलंगाच्या चौकटीचं दुसरं बाक झालं, बैलगाडीच्या धुऱ्यांचं तिसरं. रंग वाळू देण्याइतकाही धीर नव्हता. शकुनच्या नव्या लुगड्याला हिरवा पट्टा लागला.

अशी पाच बाकं झाली. ज्याच्या घरासमोर ठेवायचं त्याला नत्थुजी आधी विचारून येत. चौघं हो म्हणाले. चौथ्या बाकाची जागा सूर्यभानजींच्या भिंतीशी होती, ते नाही म्हणाले. रिकामी पोरं येऊन बसतील, दिवसभर धिंगाणा घालतील, असं त्यांचं म्हणणं. नत्थुजी तीनदा जाऊन आले. शेवटी परवानगी नसतानाच त्यांनी ते बाक भिंतीसमोर, नालीच्या काठावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते नालीत उलटं पडलेलं सापडलं. कुणी टाकलं, कुणी पाहिलं नव्हतं. नत्थुजींनी भांडण केलं नाही. बाक धुतलं आणि घरी आणलं.

पण मन थाऱ्यावर राहीना. तिसऱ्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत आता सव्वाशे पावलं झाली होती. सकाळ-संध्याकाळ ते तेवढा तुकडा चालून पाहत, जणू मोजल्यानं तो कमी होणार होता.

एके दिवशी तिसऱ्या बाकावरून उठत सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमी अटीच थांबा." आणि निघाल्या. आम्ही आपापल्या दारांत उभे राहिलो. सूर्यभानजींच्या भिंतीपाशी त्या थांबल्या, डावा हात भिंतीला टेकला. धापेनं खांदे हलत होते. नत्थुजी धावले, तर बाईंनी मागं न पाहताच काठी आडवी केली. ते जागीच थांबले. पुढं बाईंच्या उजव्या पायातली चप्पल निघाली. ती तिथंच सोडून त्या तशाच चालत राहिल्या, बाकापर्यंत पोचल्या, बसल्या. बऱ्याच वेळानं दांडी धरून एकट्या उठल्या. नत्थुजी रस्त्याच्या मधोमध ती चप्पल हातात घेऊन उभे होते.

आता त्या रोज जातात. नवऱ्याला मागं यायला बंदी आहे. दूधवाला त्या बाकांवर कॅन टेकवतो, शाळेतून परतणाऱ्या पोरी गप्पा मारतात. सूर्यभानजी बोलत नाहीत, पण शेवटच्या बाकाशी बाईंची काठी पडली तेव्हा त्यांनीच ती उचलून दिली.

परवा सुभद्राबाईंना उशीर झाला. नत्थुजी पाऊण तास फाटकात घुटमळले आणि मग निघालेच. दोघी बहिणी शेवटच्या बाकावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काहून आले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

शकुननं सांगितलं की बाईंना उद्यापासून भाजीबाजारात जायचं आहे. बाजार गल्लीबाहेर, मोठ्या रस्त्यापलीकडं. नत्थुजींनी चार शेंगा हातात घेतल्या, तशाच परत ठेवल्या आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेनं पावलं मोजत निघाले.