चौथा बोल्ट

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून थोरल्या भावाने ठेवलेलं नाव, आणि पन्नाशी उलटली तरी ते त्याला चपखल बसत होतं. चहा तो उभ्याने प्यायचा. जेवताना कुणाला काही हवं नसलं तरी उठायचा. एका चाकाचे नट निघाले नाहीत तोच दुसऱ्या चाकाकडे धावायचा. त्याची बायको म्हणायची, "ह्यांना झोपेतसुद्धा कुठेतरी पोचायचं असतं."

थोरला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणायचं, तो अगदी दुसऱ्या टोकाचा. दोघांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आयुष्यभर गॅरेज चालवलं आणि कामाची वाटणी न बोलताच ठरून गेली. घाईचं काम भिंगरीकडे, अडलेलं काम दादाकडे. गंजून बसलेला बोल्ट आला की दादा त्यावर तेल घालायचा, स्टुलावर बसायचा आणि त्या बोल्टशी जणू सोयरीक जुळवायची असावी अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहायचा. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोल्ट निघायचा, हेही खरं.

आता दादा रविवारी जाणार होता. वहिनी वारल्यापासून त्याचा मुलगा मागे लागला होता, माझ्याकडे या म्हणून. मुलगा दूरच्या शहरात, बसने दिवसभराचा रस्ता. दादाच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, डोळ्यांनाही आता बारीक दिसत नव्हतं. शेवटी एकदाचं तो "बरं" म्हणाला. ह्यावर भिंगरीला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो "चांगलंच आहे की" म्हणून उठून गेला असता. त्याऐवजी त्याने शेडच्या कोपऱ्यातली वडिलांची गाडी बाहेर काढली.

गाडी गोल दिव्यांची, फिकट निळी, म्हातारी. वडील गेल्यानंतर ती आज करू उद्या करू म्हणत तशीच उभी राहिली होती, आणि मेकॅनिकच्या घरची गाडी नेहमी बंदच असते हे जग जाणतं. भिंगरीने ठरवलं, दादा ह्या घरातून जाईल तर वडिलांच्या गाडीत बसून जाईल, रिक्षात ट्रंक कोंबून नाही. दुसरं काही द्यायला त्याच्याकडे नव्हतं आणि बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

इंजिन लवकर शुद्धीवर आलं. ब्रेकही झाले. पण पुढची बाजू बसली होती. चाकांना धरून ठेवणारे जे खालचे लोखंडी आर्म, त्यांच्या टोकांचे रबरी बुश सडून गेले होते. गाडी हलली की ती आपल्या मनाने एका अंगाला ओढायची. नवे बुश घालायचे तर आर्मचे चार बोल्ट काढणं आलं. तीन निघाले. चौथा बुशच्या आतल्या नळीशी असा गंजून एकजीव झाला होता की तो ढिम्म हलेना. जोर जास्त लागून त्याचं डोकं तुटलं असतं तर बाकीचा बोल्ट आत राहणार, मग चॅसी कापा, वेल्डरला बोलवा, आणि रविवार गेला हातचा.

भिंगरीने रॉकेल घातलं, तेल घातलं. गॅसची ज्योत लावून नळी तापवली, तापलेल्या लोखंडाला मेणबत्ती टेकवली, म्हणजे मेण वितळून फटीत शिरतं. मग थांबायचं असतं. तो थांबला, म्हणजे शेडला चार फेऱ्या मारून आला, आणि पाना लावून पुन्हा हिसडे देऊ लागला. शनिवारी दुपारपर्यंत बोल्टाच्या डोक्याच्या कडा झिजायला लागल्या.

"अहो, जरा राहू द्या की," बायको चहा घेऊन आली होती.

"राहू दे काय? उद्या सकाळी बस आहे!"

"मग हिसडे दिल्याने बस उशिरा निघणार आहे का?"

तिने 'राहू द्या' म्हटलं, कारण ह्या घरात त्यासाठी दुसरा शब्द कुणी वापरत नसे. 'सोड' हा शब्द घरातून हद्दपार होता. नट असेल तर 'ढिला कर' म्हणायचं, भांडण असेल तर 'राहू दे', हात असेल तर 'काढ'. मुलंसुद्धा तशीच बोलत मोठी झाली. बायको पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे कुणी हट्ट करतो तो करतोच. थांबवायला शब्दच नाही ना!" पाहुणे हसायचे. भिंगरी तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायचा.

कारण फक्त दोघा भावांना ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीखाली दादा आडवा पडला होता, हात आर्मखाली. भिंगरी वरून पाना धरून. जॅक जरासा सरकला तसा दादा ओरडला, "सोड, सोड!" त्याला म्हणायचं होतं, पाना टाक, थांब. भिंगरीला ऐकू आलं, बोल्ट सैल कर. त्याने केला, आणि नेहमीसारखा झटक्यात केला. दाबलेल्या स्प्रिंगने आर्म खाली हाणला. दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच उरली. डॉक्टरांना दादाने सांगितलं, जॅक घसरला. घरीही तेच. भावाला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं भिंगरीला पुढे कित्येकदा वाटलं. मग त्याने स्वतःच त्या शब्दावर बंदी घातली. इतरांनी आधी चेष्टा केली आणि मग सवय करून घेतली.

चहा ओट्यावर गार झाला. भिंगरीने पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकलं. पाना सटकला. शेजारची पोरं गॅलरीतून बघतील ह्याची पर्वा न करता त्याने बोल्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेव्हा दादा काठी टेकत शेडमध्ये आला. सकाळपासून तो आत आपले कपडे बांधत होता. एवढं सामान तरी कुठून आलं म्हणून स्वतःवरच चिडला होता. त्याने आपलं स्टूल ओढलं आणि चाकाशेजारी बसला.

"स्प्रिंग काढून ठेवलीस?"

"आधीच. तेवढी अक्कल आली आहे आता."

दादाने वाकून बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्याला बोटाने कळत होतं. "आवळ," तो म्हणाला.

"दादा, काढायचा आहे!"

"म्हणूनच म्हणतो. आधी आवळ. थोडाच."

हे भिंगरीने हजारदा ऐकलं होतं. जो बोल्ट काढायचा तो आधी उलट आवळायचा, म्हणजे गंजाची पकड तुटते, मग तो मुकाट्याने मागे येतो. ऐकलं होतं, पण कधी केलं नव्हतं. जायचं पुढे आणि पाऊल टाकायचं मागे, हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. आज मात्र हात टेकले होते. त्याने पाना उलट्या अंगाने लावला, पाइप धरला आणि दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

कट्ट.

एवढासाच आवाज, पण दोघांच्याही माना वर झाल्या. दादा पुढे झुकला. आर्म निसटून पडू नये म्हणून त्याने डावा हात, तोच हात, त्याच्याखाली घातला आणि सहज म्हणाला, "आता सोड."

भिंगरी जागच्या जागी गोठला. आर्ममध्ये जोर नव्हता, स्प्रिंग भिंतीला टेकून उभी होती, हे सगळं त्याला कळत होतं. तरी पाइपवरचे त्याचे हात हलेनात. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, तोही त्याने पुसला नाही.

"कोणतं सोड?" त्याने विचारलं.

दादाने वर पाहिलं. मग त्याच्या पोटातून हसू येऊ लागलं. ते खोकल्यात गेलं आणि खोकल्यातून पुन्हा हसण्यात आलं. "बोल्ट सोड रे बाबा, बोल्ट! पाना धरून ठेव." त्याने आखूड बोटं नाचवून दाखवली. "हेच तेव्हा विचारलं असतंस तर मला आज नाकात घालायला हे करंगळीशेजारचं बोट राहिलं असतं."

भिंगरीही हसला. हसता हसता त्याने बोल्ट मागे फिरवला. बोल्ट कुरकुरत, लाल भुकटी सांडत बाहेर आला आणि त्याच्या तळहातावर पडला, अजून कोमट. मग भिंगरी खाली बसला. मांडी घालून, तेलकट जमिनीवर.

दारात बायको उभी होती. "अगंबाई, हे बसले!" ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पाहून कप उचलून आत गेली.

"दादा," भिंगरी म्हणाला, "नको जाऊस."

इतक्या दिवसांत त्याने हे कुठल्याच रीतीने म्हटलं नव्हतं. दादाने चिंधी उचलली. तिने तो एकेक बोट पुसत राहिला.

"जायला हवं," तो शेवटी म्हणाला. "पोरगा मला सांभाळायला बोलवतो असं म्हणतो. पण आई गेल्यापासून रात्री फोन करतो आणि बोलत काहीच नाही. त्यालाच कुणीतरी हवंय." मग चिंधी खाली ठेवून, "तू आधी विचारायला हवं होतंस. मी थांबलो नसतो. पण विचारायला हवं होतंस."

भिंगरीने मान हलवली. नवे बुश आणायला तो उठला नाही. दोघं तसेच बसून राहिले, आणि संध्याकाळी निवांतपणे गाडी जोडली.

रविवारी निळी गाडी रस्त्याला लागली ती सरळ, एका अंगाला न ओढता. भिंगरीने ती इतकी हळू चालवली की मागून एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. दादा शेजारी बसून काच खाली-वर करून बघत होता, वडिलांनी ती कधी करू दिली नव्हती म्हणून. बसस्टँडवर ट्रंक चढली, दादा खिडकीशी बसला. भिंगरी खाली उभा. एरवी तो अशा वेळी पाण्याची बाटली आणायला, कंडक्टरला विचारायला, कशाला तरी पळाला असता. आज त्याने खिडकीतून आलेला दादाचा डावा हात धरला आणि धरूनच ठेवला.

बसचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरने दार आपटलं.

"सोड आता," दादा म्हणाला.

ह्या वेळी कोणतं, हे भिंगरीने विचारलं नाही. त्याने तो हात आधी थोडा आवळला, आणि मग सोडला.