फक्कीची रेघ

नाथाजी सुभेदारांना कुणी कधी वाट विचारताना पाहिलेलं नाही. सुभेदार फौजेतून बोरवाडीला परत आले त्याला आता एकवीस वर्षं झाली. मिरजेच्या बाजारात गेले तरी आधी सूर्य कुठं आहे ते बघतील आणि मगच पाऊल उचलतील. त्यांच्या पत्नी, सुलाबाई, शेजारणीला सांगायच्या, "ह्यांना देवळाचा रस्ता विचारू नगंस. दिशा सांगत्यात, रस्ता न्हाई."

त्यांच्या डाव्या पायाला तीनच बोटं. बावीस वर्षांचे असताना उत्तरेच्या बर्फात त्यांची तुकडी धुक्यात सापडली. पुढं बुटांचे ठसे दिसले. हवालदार म्हणाला, कुणीतरी गेलंय, चला मागोमाग. होकायंत्र खिशात राहिलं. चार तास चालल्यावर कळलं, ठसे त्यांचेच होते. ती रात्र बर्फात गेली, दोन बोटं तिथंच राहिली. दुसऱ्याच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्यांचा सुभेदारांना राग येतो, तो तेव्हापासूनचा.

म्हणून तर त्यांनी ओरिएंटिअरिंगचा ध्यास घेतला. हातात नकाशा, होकायंत्र आणि एक कार्ड घ्यायचं. नकाशावरच्या लाल गोलाच्या जागी रानात केशरी-पांढरा झेंडा असतो. तो स्वतः शोधायचा, तिथल्या यंत्रानं कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्याकडे पळायचं. बोरवाडीच्या लोकांनी त्याला सोपं नाव दिलं होतं, नकाशाची शर्यत.

यंदा जानेवारीत बोरवाडीच्या डोंगरावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांची कुमार गटाची पहिली स्पर्धा ठरली. बेचाळीस मुलं-मुली येणार होती. राज्य संघटनेचे निरीक्षक बघायला येणार होते. त्यांनी मान्यता दिली तर पहिले सहाजण थेट राज्य शिबिराला जाणार, नाही दिली तर सगळं फुकट. नकाशासाठी सुभेदार दोन महिने डोंगर तुडवत होते. विश्रामबागच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या उत्कर्षाबाईंनी तो संगणकावर काढला. एकेक ओघळ, एकेक बांध, एकेक धोंडा त्यात होता.

आदल्या दिवशी सहा झेंडे लावायला गावचे धनाजीराव बरोबर होते. गावात कुठलीही शर्यत असो, फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, मैदान आखायचं काम त्यांचंच. त्यांची लेक साक्षीही स्पर्धेत होती.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे सुभेदार झेंडे तपासायला डोंगर चढले आणि जागच्या जागी थांबले. पायवाटेपासून पहिल्या झेंड्यापर्यंत पांढरी शुभ्र फक्की ओढलेली. तिथून दुसऱ्यापर्यंत, तिसऱ्यापर्यंत, थेट सहाव्यापर्यंत. वळणावळणावर बाणसुद्धा!

सुभेदार खाली उतरले. धनाजीराव चहा पीत उभे होते.

"ही रेघ कुणी मारली?"

"आमीच की! कवा मारली कळलं बी न्हाई न्हवं? दोन पोती फक्की गेली बघा."

"कशाला?"

"आवं सुभेदार, ल्हान पोरं ती. डोंगरात चुकली मजी?"

"चुकू द्या की! चुकायसाठीच आणल्यात त्यास्नी!" सुभेदारांचा आवाज असा चढला की साताऱ्याच्या बसमधली मुलं खिडकीतून डोकावली. "बैलांची शर्यत हाय व्हय ही? चाकोरी आखून दिली की बैल बी पळतंय. मग नकाशा कशाला छापला? पुड्या बांधायला?"

धनाजीरावांनी कप आपटला. "लोकांचं भलं करायला गेलं की ह्ये असं. करा तुमचं तुमी." ते तरातरा निघून गेले.

साडेसहा वाजले होते. आठला पहिलं मूल सुटणार. उत्कर्षाबाई म्हणाल्या, "पुढं ढकलूया का?"

"न्हाई. रेघ पुसायला वेळ न्हाई, झेंडं हलवायला हाय."

तीन बोटांच्या पायानं सुभेदार पुन्हा डोंगर चढले. पहिला आणि सहावा सोडून चारही झेंडे दोन-दोनशे पावलं हलवले. नवी जागा फोनवरून सांगायची, उत्कर्षाबाईंनी खाली बेचाळीस नकाशांवर जुने गोल खोडून नवे काढायचे. आठला सात मिनिटं कमी असताना शेवटचा गोल झाला.

खाली येताच सुभेदारांनी मुलांना रांगेत बसवून बजावलं, "रानात पांढरी रेघ दिसंल. ती खोटी हाय. नकाशा खरा हाय." निरीक्षक वहीत लिहीत राहिले.

दर दोन मिनिटांनी एकेक मूल सुटू लागलं. साक्षी आठवी सुटली. रुसून गेलेल्या धनाजीरावांना झेंडे हलवल्याचा पत्ताच नव्हता. ते वरच्या रस्त्यावरून ओरडले, "साक्षे, रेघ सोडू नगंस!"

साडेअकराची मुदत. सव्वाअकरापर्यंत एक्केचाळीस परत आले. एकोणतिसांची कार्डं पुरी. बाराजण रेघेमागं धावून अपुरी कार्डं घेऊन आले, त्यांना सुभेदारांनी बाद केलं. साक्षीचा पत्ता नव्हता.

"माझी पोरगी हरवली!" धावत खाली आलेले धनाजीराव टेबलावर हात आपटून ओरडले. "तुमच्या त्या नकाशापायी!"

सुभेदारांची नजर डोंगरावरून हलली नाही.

मुदतीला चार मिनिटं उरली असताना ती ओघळातून बाहेर आली. गुडघे सोललेले, वेणी सुटलेली. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. सहाच्या सहा भोकं.

"दुसरा कसा घावला?" सुभेदारांनी विचारलं.

"रेघेवर दुसरा झेंडा न्हवता. तिसरा बी न्हवता. मग म्हटलं, रेघच खोटी. पहिल्यापास्नं परत सुरू केलं, नकाशावर."

"अगं, मी सांगितलं व्हतं..." धनाजीराव पुढं झाले.

"तुमी सांगितलं म्हणूनच तास गेला, आबा."

निरीक्षकांनी वही मिटली. "तीसजण पूर्ण. मान्यता देतोय. पुढच्या वेळी मात्र रात्री डोंगरावर पहारा ठेवा."

शिबिराला सहाजण निवडले गेले. साक्षी तिसावी. सुभेदारांनी तिच्या कार्डावर सही केली, पण त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता. त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलून धनाजीरावांच्या हातात दिला.

"पुसून काढा. पयल्यापास्नं सहाव्यापर्यंत."

"आवं, पावसानं जाईल की आपसूक."

"पावसाला पाच म्हैने हायत. खराटा आज हाय."

धनाजीरावांनी डोंगराकडं पाहिलं, मग लेकीकडं. ती पाणी पीत होती आणि मान वळवायला तयार नव्हती. त्यांनी खराटा खांद्यावर टाकला.

"जावा बिनघोर," मागून सुभेदार म्हणाले. "वाट चुकायची न्हाई तुमी. रेघ हाय की."