खरखर आणि तांबडा दिवा

रेडिओ घरात येईपर्यंत माझं आणि शेजारच्या वहिनींचं छान जमत होतं. त्या सकाळी बंदरावरून येताना ओंजळभर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, माझ्या दारात ठेवायच्या, मी त्यांना आलेली पत्रं वाचून दाखवायचे. आमच्या दोन बिऱ्हाडांमध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. फटीतून त्यांच्या चुलीचा धूर माझ्याकडे यायचा आणि माझी वह्या तपासतानाची चिडचिड त्यांच्याकडे जायची. कोणाचीच तक्रार नव्हती.

साठ सालच्या सुमाराची ही गोष्ट. मी डहाणूला किनाऱ्याजवळच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे हे तलासरीच्या सरकारी कचेरीत कारकून. सोमवारी पहाटेच्या बसने जायचे ते शनिवारी संध्याकाळी उगवायचे. एका शनिवारी खांद्यावर खोकं घेऊन उगवले. तलासरीत त्यांच्या खोलीवर वीज नव्हती, म्हणून रेडिओ माझ्याकडे राहणार होता. "तुला सोबत होईल," म्हणाले. मला सोबतीची फार गरज आहे असं मी कधी म्हटलं नव्हतं, पण तो लागला आणि त्याचा हिरवा डोळा उजळला तेव्हा मी पदराने त्याची काच पुसली हे खरं.

दोन आठवडे मी राणीसारखी राहिले. मग एका संध्याकाळी खरखर सुरू झाली. कढईत ओल्या हाताने भजी सोडावीत तसा आवाज, मधेच थांबायचा, मधेच असा उसळायचा की बातम्या सांगणाऱ्या माणसाचं अर्धं वाक्य गिळून टाकायचा. ह्यांना पत्र टाकलं. उत्तरादाखल सूचनांचं पानभर आलं. एरियलची पट्टी आढ्याला नीट ताण, खटका दाब, आणि मुख्य म्हणजे अर्थिंगला रोज पाणी घाल. अर्थिंग म्हणजे मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी पुरलेला लोखंडी पाइप. शाळेत जायच्या आधी मी त्या पाइपाला मीठ घातलेलं पाणी घालायचे, आणि वहिनी आपल्या दारातून बघत राहायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "बाई, कवा उगवणार तो?"

पाइप उगवला नाही आणि खरखर गेली नाही. मग माझ्या डोक्यात शिक्षिका जागी झाली. भिंतीवरच्या कॅलेंडरावर मी हजेरीपटासारख्या खुणा करायला लागले. खरखर असेल त्या दिवशी फुली, नसेल त्या दिवशी टिंब. महिनाभराने बघितलं तर चार-पाच फुल्या, दोन टिंबं, पुन्हा चार-पाच फुल्या. टिंबांचे दिवस आठवून बघितले. त्या दिवशी वहिनींचे यजमान घरी होते. त्यांची होडी परतलेली होती.

त्यांची होडी समुद्रात रोवलेल्या खांबांना जाळी बांधायची. भरती-ओहोटीच्या हिशेबाने चार-पाच दिवस मंडळी तिथेच राहायची, मग मासळी घेऊन यायची. स्वच्छ दिवशी शिडं किनाऱ्यावरच्या उंचवट्यावरून ठिपक्याएवढी दिसायची. पण होडीचा आणि माझ्या रेडिओचा काय संबंध, ते काही उमगेना. वाटी मागायच्या निमित्ताने मी वहिनींच्या खोलीत गेले. देवाच्या फळीवर शेंदूर लावलेला नारळ, आणि त्याच्यावर खिळ्याला बांधून लोंबकळत ठेवलेला छोटा तांबडा बल्ब. होल्डर अलीकडे सैल झाला होता. वाऱ्याने वायर हलली की बल्ब थरथरायचा, आणि भिंतीपलीकडे माझा रेडिओ करवादायचा.

मी तशी तडकू बाई. "वहिनी, तुमचा हा दिवा माझा रेडिओ खातोय," म्हणाले. "दिवसाउजेडी कशाला हवा तो?"

त्या मासळी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं. घरातला पुरुष दर्यावर असला की देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. होडी लागली, तो घरात आला, की त्यानेच फुंकर मारायची. त्यांच्या सासूबाईंनी जन्मभर तेलाचा दिवा सांभाळला. एका वर्षी वाऱ्याने तो विझला आणि त्या खेपेला सासरे परत आले नाहीत. म्हणून आळीत वीज आली तेव्हा वहिनींनी घरमालकाच्या पाया पडून एक बल्ब मागून घेतला. "ह्यो वाऱ्यानं नाय विझत, बाई."

मी वाटी घेऊन परत आले. ह्या असल्या समजुतींवर शाळेत मी मुलांना अर्धा तास व्याख्यान देऊ शकले असते.

शनिवारी ह्यांनी ऐकलं आणि हसले. होल्डर काढून नवा घालायचा, पाच मिनिटांचं काम. पण ती पाच मिनिटं दिवा बंद ठेवावा लागणार, आणि होडी दर्यावर असताना वहिनी ऐकायला तयार नव्हत्या. होडी परतायची ती नेमकी मंगळवारी नाहीतर बुधवारी, आणि हे यायचे तोवर पुन्हा निघून गेलेली असायची. असे चार-पाच आठवडे गेले.

आता जे सांगते ते मी ह्यांनाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. दोन्ही बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर होता, तो माझ्या खोलीत. वहिनींच्या बल्बला त्याच बोर्डावरून वायर गेली होती आणि तिचा चिनी मातीचा फ्यूज वेगळा होता. तो ओढला की फक्त त्यांचा दिवा जायचा. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. एका रविवारी दुपारी रेडिओवर एक नाटक होतं, ज्याची मी आठवडाभर वाट बघितली होती. हे त्या आठवड्यात आले नव्हते. वहिनी टोपली घेऊन बाजारात गेल्या होत्या. मी स्टुलावर चढले आणि फ्यूज ओढला. आवाज असा निवळला की जणू पात्रं माझ्याच खोलीत येऊन बोलत होती. तासाभराने नाटक संपलं, फ्यूज जागेवर बसवला, स्टूल कोपऱ्यात ठेवलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. होडी दोन दिवसांनी सुखरूप आली तेव्हा मी वहिनींपेक्षा आधी अंगणात धावले होते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, एक दिवस सकाळपासून हवा कोंदली. जमिनीकडून गरम वारा येत होता आणि समुद्राचा रंग पाटीवर ओला बोळा फिरवल्यासारखा झाला होता. शाळा दुपारी सोडली. घरी आले तर माझ्या ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या, आणि उभे होते वस्तीतले म्हातारे तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ह्या म्हाताऱ्यांनी होडी सोडून दहा वर्षं झाली होती, पण किनाऱ्यावर त्यांचाच शब्द चालायचा.

"बाई, तुमचा रेडिओ लावा. दर्याचं काय सांगतोय बघू."

चार होड्या खांबांवर होत्या. त्यांना माघारी बोलवायची एकच रीत होती: उंचवट्यावर ओल्या झावळ्या पेटवून धूर करायचा. पण तो धूर उगाच करायचा नसे. आदल्या वर्षी कोणीतरी घाबरून केला, होड्या जाळी सोडून आल्या आणि पानसुद्धा हललं नाही. "आता परत फुकट धूर केला तं पोरं पुढल्या खेपेला बघणार बी नाय," तांडेल म्हणाले. पक्की खबर हवी होती, आणि उजेड असेपर्यंत हवी होती. अंधारात धूर कोणाला दिसणार?

मी खटका दाबला. रेडिओ तापायला वेळ घ्यायचा. हिरवा डोळा उजळला आणि खरखर ओतली गेली. बातम्या चालू झाल्या होत्या, एवढंच कळत होतं. "उत्तर किनाऱ्या..." आणि भजी. "मच्छीमारांनी..." आणि भजी. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू मी शिकलेली म्हणून मला तरी कळलं असेल.

"काय बोलतो, बाई?" तांडेलांनी विचारलं.

मी बोर्डाकडे बघितलं. फ्यूज चार हातांवर होता. वहिनी दारात उभ्या होत्या आणि त्या बोर्डाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. एकदा चोरून जे सहज केलं ते आता त्यांच्या डोळ्यांदेखत करायला माझा हात उचलेना. काढला आणि होडी आली नाही तर? नाही काढला आणि होडी आली नाही तर? मी इतकी भ्याले होते की मला रडू यायला लागलं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

वहिनी वळल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. पलीकडे बटण खटकन वाजलं.

रेडिओ एकदम स्वच्छ झाला. बातम्या सांगणारा माणूस शांतपणे सांगत होता, संध्याकाळपासून उत्तर किनाऱ्यावर वादळी वारे, समुद्र खवळेल, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परतावं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तांडेल ओटा उतरले होते. बायका झावळ्या घ्यायला पळाल्या. थोड्या वेळाने उंचवट्यावरून काळा धूर उठला आणि वाऱ्याने समुद्राच्या बाजूला कलला.

मी वहिनींच्या खोलीत गेले. खिडकी लावलेली, बल्ब बंद. वहिनी देवाच्या फळीपुढे पाटावर उभ्या होत्या आणि नारळामागे ठेवलेल्या तेलाच्या दिव्याभोवती त्यांनी दोन्ही हात धरले होते. फळ्यांच्या फटीतून वारा घुसत होता. मी माझा पदर सोडून त्या फटीवर धरला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मी दिव्याकडे बघत राहिले, आणि मग मला दिसलं की त्याच्यावरची भिंत काजळीने चांगली काळी झाली होती. हा दिवा आज लावलेला नव्हता.

"वहिनी," मी म्हणाले, "मी एकदा तुमचा फ्यूज काढला होता. नाटक ऐकायला."

"मना म्हाईत हाय."

माझा पदर फटीवरून सुटला. त्यांनी मान हलवून परत धरायला सांगितलं.

"मी पैशाची पिशवी इसरलेली, ती घ्यायला माघारी आले. बल्ब बंद. नि भिंतीपल्याड तुमचं नाटक एकदम साफ आयकू येत होतं. खरखर नाय. तवाच समजले." दिव्याची वात त्यांनी बोटाने वर केली. "तवाच तेलाचा लावला. दोन्ही ठेवते तवापास्नं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"वायर तुमची हाय, बाई. बोलले नि तुमी तोडली असती तं?"

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि फटीवरचा पदर सोडता येत नव्हता.

वारा वाढत गेला. कौलं वाजायला लागली. बाहेरून पहिल्या होडीची आरोळी आली, मग दुसरीची. प्रत्येक आरोळीला वहिनी कान द्यायच्या आणि मान हलवायच्या, ही नाही. तिसरी आली, तीही त्यांची नव्हती. मग बराच वेळ नुसताच वारा. मी मनातल्या मनात कोणाकोणाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. उजेड जवळजवळ संपला तेव्हा अंगणात पावलं वाजली आणि वहिनींचे यजमान दारात उभे राहिले, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. वहिनींनी हात बाजूला केले. ते सरळ फळीपाशी गेले आणि फुंकर मारून दिवा विझवला. मग त्यांचं लक्ष वरच्या बल्बकडे गेलं.

"लाइट गेलेली काय?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चुलीकडे वळल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "जाते कधीमधी."