भरल्या गाडीची ट्रायल

निपाणीच्या आसपासच्या मळ्यांत कुणाला भाजीसाठी पिकअप घ्यायची असली, की माणूस आधी धरणेंद्र आप्पांना गाठायचा आणि मग शोरूमची पायरी चढायचा. कुठली गाडी डिझेल कमी पिते, कुठली चिखलात रुतते, कुठलीचा हौदा मिरचीच्या पोत्यांना पुरतो, हे आप्पा बांधावर बसल्या बसल्या सांगत. कंपनीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. “रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज काढायचं म्हंजे जेवून उठल्यावर उपास धरायचा,” असं म्हणून ते समोरच्याला हसवत.

आता गाडी त्यांनाच घ्यायची होती. जुनी भंगारात गेली होती. पहाटे वांगी, कोथिंबीर घेऊन बेळगाव गाठायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन ताटावर बसायचं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. दुसऱ्याचा टेंपो वेळेवर परतत नसे, आणि जैन रीतीनं अंधार पडल्यावर न जेवणारे आप्पा मग तसेच पाणीही न पिता झोपत.

निवड दोन गाड्यांवर येऊन थांबली होती. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा गोमटेश सीएनजीची मोठी गाडी घ्या म्हणत होता. आप्पा लहान डिझेल गाडीवर अडून बसले होते.

“गॅसच्या रांगंत हुबं ऱ्हाऊन कोथिंबीर वाळवत बसू काय रं? ही गाडी पाणंदीत वळती, डिझेल वासापुरतं घेती.”

“पण आप्पा, घाटात ओढंल काय ती?”

“ओढंल की.”

घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, आप्पा ॲव्हरेजसाठी हट्ट करतायत. शोरूममध्ये त्यांनी प्रत्येक गाडीत बसून क्लच दाबून पाहिला होता. लहान गाडीचा क्लच सगळ्यांत मऊ होता. खरं कारण एवढंच होतं.

उन्हाळ्यापासून त्यांच्या डाव्या पायाला काही कळत नव्हतं. एकदा सरीतून चालताना चप्पल मागे राहिली आणि ते तसेच बांधापर्यंत गेले. बेळगावच्या डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून विचारलं, “कुठं टोचलं?” आप्पा छताकडं बघत राहिले. साखरेनं पायाच्या नसा गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं बंद करा. घरी येऊन आप्पांनी सांगितलं, “साखर जरा वाढलीया म्हणं.” त्यानंतर त्यांनी घट्ट पट्ट्यांचे जाड सँडल घेतले. सँडलचं वजन गुडघ्याला कळायचं, आणि गुडघ्यावरून पाय कुठं आहे याचा अंदाज बांधता यायचा. जुन्या गाडीचे शेवटचे महिने त्यांनी तसेच काढले होते.

ट्रायलच्या दिवशी शोरूमचा रविराज गाडी घेऊन मळ्यात आला. शेजारच्या गावचाच पोरगा, म्हणून आप्पांचा हट्ट मानून त्यानं हौद्यात वांग्यांची पोती भरू दिली. भार घेऊन तवंदीचा घाट चढायचा, वर स्तवनिधीच्या मंदिरात दर्शन घ्यायचं आणि परत यायचं, असं ठरलं. आप्पांची बायको चंदना हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली.

“आक्का, गाडी अजून आमची हाय,” रविराज हसला.

“आज तुमची, उद्या आमची. लक्ष्मी हाय ती. चपला काढून बसा सगळी.”

नव्या गाडीत पहिल्यांदा अनवाणी बसायचं, ही त्या घरची रीतच होती. आप्पा क्षणभर घुटमळले. मग वाकून त्यांनी सँडलचे पट्टे सोडले.

चंदना आणि गोमटेश मागे पोत्यांवर बसले, रविराज पुढे आप्पांजवळ. सपाटीवर गाडी छान चालली. घाट लागला आणि वळणावर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. आप्पांनी वेग कमी केला, गियर बदलायला डावा पाय दाबला. पाय क्लचवर आहे असं त्यांना वाटलं. तो शेजारच्या पत्र्यावर होता. गियर करकरला, गाडीनं हिसका दिला, इंजिन बंद पडलं आणि भरलेली गाडी मागे सरकू लागली. मागून चंदनाची किंकाळी आली. ब्रेक लागेस्तोवर रविराजनं हँडब्रेक खेचला होता. मागच्या बसचा हॉर्न कितीतरी वेळ वाजत राहिला.

गोमटेश खाली उडी मारून आला. “बघिटलं? ओढत न्हाय ही! सांगत हुतो मी.”

“गाडीचं काय न्हाय, अण्णा,” रविराज म्हणाला. “क्लच दाबला न्हवता.”

“माझ्या बाला गाडी शिकवतोस व्हय रं? सगळा तालुका इचारतोय त्यास्नी! खटारा घेऊन आलास आणि वर त्यास्नीच बोल लावतोस? तुझ्या मॅनेजरला फोन लावतो थांब.”

स्टिअरिंगवरचे हात आप्पांनी तसेच ठेवले. गाडीला दोष लागला तर पाय झाकला जाणार होता.

पुढचा घाट त्यांनी गियर न बदलता, पहिल्यावरच चढवला.

मंदिराच्या आवारात फरशी तापली होती. गोमटेश टाचांवर उड्या मारत सावलीत पळाला, चंदना पदर सावरत त्याच्या मागे. रविराजही “आयो, आयो” करत धावला. उन्हाच्या मधोमध उभे राहून आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. उजव्या पायाला चटका बसला तसा त्यांनी तो उचलून डाव्यावर ठेवला, आणि डाव्यावर सगळा भार देऊन ते तसेच उभे राहिले.

“आप्पांची भक्तीच येगळी,” कुणीतरी म्हणालं.

चंदना त्यांच्याकडं बघत होती. सावलीतून ती परत उन्हात आली, दंडाला धरून तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. तळव्यावर फोड उठत होता.

“अवो,” ती हळू म्हणाली, “हे कळलं न्हाय तुमाला?”

त्यांनी मान हलवली.

“कवाधरनं?”

आप्पा पलीकडं बघत होते. गोमटेशनं तक्रार केली होतीच, आणि खांबाशी रविराज फोनवर मॅनेजरला समजावत होता. “न्हाय सर, गाडी चांगली हाय... व्हय सर, माझीच चूक...” असं काहीतरी.

“गोमटेश,” आप्पांनी हाक मारली. “त्या पोराला फोन ठेवाय सांग. गाडीत काय खोट न्हाय. पाय न्हाय मला. डावा. माझ्या हातनं तुझी आई आज...”

गोमटेश आधी पायाकडं, मग आईकडं बघत राहिला. चंदनानं नवऱ्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

“मला उद्या ड्युटी हाय, आई,” तो म्हणाला. “परवाबी हाय.”

“आजचं बघ.”

रविराज जवळ आला. त्याला सगळं कळलं होतं. तरी सवयीनं त्यानं विचारलं, “मग कुठली बुक करू, आप्पा?”

“चालवणारा सापडू दे आधी,” आप्पा म्हणाले. “त्याच्या पायाला बरी वाटंल ती.”

उतारावर गोमटेश जपून चालवत होता. डाव्या सीटवर बसलेल्या आप्पांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला खालचा पत्रा दाबत होता, जणू तिथं ब्रेक होता. सूर्य अजून बराच वर होता. आज जेवायला वेळेत पोचणार होते, आणि त्यांना भूक नव्हती.