कपाळावरचा घाव

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की सौंसरचा तो फोटो स्टुडिओ आठवतो आणि माझं डोकं आजही तापतं. कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं काम मी तिथं नुकतंच शिकत होते. "डाग दिसला का ब्रश मार," एवढंच मालकांचं शिकवणं. पांढुर्ण्याच्या एका काकूंनी वारलेल्या नवऱ्याचा जुना फोटो फ्रेमसाठी दिला होता. अडकणाऱ्या माऊसशी भांडत मी दिवसभर एकेक ठिपका पुसला, कपाळावरचा लांब व्रणसुद्धा. काकूंनी फ्रेम हातात घेतली आणि बघतच राहिल्या. "घाव काहून पुसला वं? गोटमारीच्या जत्रेत, नदीपल्याडच्यायशी दगडफेक खेळताना, दगड लागला होता ह्यायले. जिंदगीभर मिरवला त्यायनं!" मालक उलट माझ्यावरच खेकसले, "पांढुर्ण्याचा माणूस हाय, एवढंही समजत नाही तुले?" दुसरा अख्खा दिवस मी पुन्हा पहिल्यापासून तेच ठिपके पुसत बसले, चरफडत, तो घाव तेवढा सांभाळून. आता माझं स्वतःचं दुकान आहे. परवा त्याच काकूंचा मुलगा लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो घेऊन आला. कपाळावर तसाच घाव. म्हणाला, "ताई, हा तेवढा काढून टाका ना." मी माऊस बाजूला सरकवला. "आधी आईले विचारून ये."